एडी घ्यायचा नाही!

ज्यांचं शाळा-कॉलेज २००० सालाच्या आगेमागे डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यात झालं आणि ज्यांनी क्लासच्या नावाखाली गेम पार्लरात बैठक मारली, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. 'टेक्केन ३' सुरू करण्याआधीच ठरायचं: एडी घ्यायचा नाही. एडी गोर्डो हा त्या गेममधला ब्राझीलचा लढवय्या, कापोएरा खेळणारा, हातांवर उभा राहून पाय गरागरा फिरवणारा. रिमोटवरची लाथांची दोन बटणं, क्रॉस आणि सर्कल, जमेल तशी बडवत राहिलं तरी एडी अशा काही लाथा झाडायचा की महिनोन्‌महिने हात बसवलेला पोरगा पहिल्यांदाच रिमोट धरलेल्या पोराकडून मार खायचा. मग खुन्नस, भांडण आणि शेवटी बंदी.

त्या बंदीमागे एक ठाम मत होतं. जिंकायचं तर कसबाने जिंका, बटणं बडवून जिंकलेलं आम्ही धरत नाही. हाच वाद आज 'स्ट्रीट फायटर ६'मधल्या सोप्या कंट्रोल्सवरून, किंवा एखाद्या रोल-प्लेइंग गेममधली पात्रं घेऊन काढलेल्या फायटिंग गेमवरून तितक्याच तावातावाने घातला जातो. इतकी वर्षं तो मिटला नाही, कारण भांडणारे दोघेही कसब ही एकच वस्तू आहे असं धरून चालतात. फायटिंग गेममध्ये हातांचं कसब वेगळं, माहितीचं वेगळं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याचं वेगळं. आणि या तिन्हींच्या पलीकडे, तुम्ही रोज कोणाशी खेळता यावर तुमची मजल ठरते. माझं म्हणणं असं की या शेवटच्या गोष्टीने जेवढी दरी पडते तेवढी बाकीच्या तिन्हींनी मिळून पडत नाही. आपल्याकडे चर्चा मात्र सगळी हातांचीच.

आधी आतली यंत्रणा बघू. हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. प्रत्येक वाराचा हिशेब फ्रेममध्ये असतो. टेक्केनमधला सगळ्यात जलद साधा ठोसा, जॅब, बटण दाबल्यापासून दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सुमारे १६७ मिलिसेकंदांत. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. याचा अर्थ जॅब बघून अडवणं कोणालाच शक्य नाही, विश्वविजेत्यालाही नाही. 'त्याचे रिफ्लेक्स भारी आहेत यार' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो, पण चांगला खेळाडू बहुतेक वार बघून अडवतच नाही. कुठला वार कधी येऊ शकतो हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि तो त्या जागी तयार उभा असतो.

एक प्रसंग अगदी जवळून पाहू. समोरच्याने लाथ मारली, तुम्ही अडवली. अडवल्यानंतर दोघांनाही पुन्हा हलता यायला थोडा वेळ लागतो. समजा मारणाऱ्याला तुमच्यापेक्षा १० फ्रेम जास्त लागतात. खेळाडू अशा वाराला 'मायनस टेन' म्हणतात. तुमचा जॅब १० फ्रेमचा आहे. त्याच क्षणी जॅब टाकलात तर तो लागणारच, समोरच्याने काहीही दाबलं तरी. आता तीच लाथ 'मायनस नाइन' असती तर? त्याला बरोबर एका फ्रेमची सवड मिळते आणि तो तुमचा जॅब अडवतो. सेकंदाच्या साठाव्या हिश्शाने 'हमखास' आणि 'अशक्य' वेगळे झाले. हा आकडा पडद्यावर आपोआप येत नाही, तो पाठ असावा लागतो. २०२४च्या जानेवारीत 'टेक्केन ८' आला तेव्हा त्यात ३२ लढवय्ये होते आणि प्रत्येकाकडे शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वार. म्हणजे पाठ करायची यादी तीन हजारांच्या घरात जाते. इथे बोटांपेक्षा अभ्यास लागतो.

एडीचं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. टेक्केनमध्ये उभ्याने अडवलं की वरचे आणि मधले वार अडतात, पण खालचा लागतो. बसून अडवलं की खालचा अडतो आणि मधला खाल्ला जातो. बटणं बडवणाऱ्या पोराच्या हातून एडीचे मधले आणि खालचे वार आपसूक मिसळून यायचे, त्यामुळे समोरचा गांगरायचा. बडवणाऱ्याला स्वतःलाच पुढची लाथ माहीत नसे, म्हणून त्याच्या मनाचा अंदाज बांधायची सोयही नव्हती. पण कुठली लाथ कुठल्या लाथेनंतर येते, मालिका कुठे थांबते आणि थांबल्यावर तो किती वेळ उघडा पडतो, एवढं शिकलं की बडवणारा एडी एकदम दुबळा होतो. पार्लरातल्या हुशार पोरांनी ते शिकायला हवं होतं. त्यांनी बंदी घातली आणि एक धडा कायमचा बाजूला ठेवला.

कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, आणि तोड शिकायला तो डाव आपल्यावर पडावा लागतो. आखाड्यात वस्ताद मुद्दाम वेगवेगळ्या अंगाच्या, वेगवेगळ्या डावांच्या मल्लांशी जोड लावतात ते याचसाठी. पार्लरात वस्ताद नव्हता, फक्त मालक होता आणि त्याला तासाचे पैसे वसूल करायचे होते.

आता हातांकडे येऊ. १९९१ साली कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २' आला आणि या खेळाचं व्याकरण ठरलं. हादोकेन, म्हणजे तो निळा गोळा, सोडायचा तर स्टिक खाली, मग खाली-पुढे तिरकी, मग पुढे, आणि त्याला जोडून ठोशाचं बटण. शोर्युकेन त्याहून अवघड: पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा. उडी मारून अंगावर येणाऱ्याला हवेतच फोडायला ती लागते, आणि तीही ऐनवेळी. एकावर एक वार जोडण्याचा 'कॉम्बो' तर आधी कोणी ठरवून केलेलाच नव्हता. गेम तयार होत असताना, गाडी फोडण्याच्या बोनस फेरीत एका ठोशाला दुसरा जोडता येतोय हे निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, आणि ते तसंच राहू दिलं गेलं. आज ज्याला आपण कसबाचा कळस मानतो ते अशा एका सुटलेल्या टाक्यातून आलं.

२ जून २०२३ला 'स्ट्रीट फायटर ६' आला तेव्हा कॅपकॉमने 'मॉडर्न' कंट्रोल्स दिले: एक दिशा, एक बटण, शोर्युकेन हजर. जुन्यांचा संताप झाला. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. स्टिक फिरवायला जो वेळ जातो तो वाचला की उडी मारून येणाऱ्याला फोडणं सोपं होतं, आणि उडी हा या खेळातला मोठा जुगार आहे. पण कॅपकॉमने तोलही साधलाय. सोप्या पद्धतीने सोडलेल्या विशेष वाराचं नुकसान २० टक्क्यांनी कमी होतं, आणि काही साधे वार मॉडर्नमध्ये मिळतच नाहीत. जे सोपं झालं ते फक्त हातांचं. मायनस टेन ओळखणं, अंतर राखणं, समोरचा घाबरलाय की थांबलाय हे समजणं, यातलं काहीच कोणत्याही बटणावर मिळत नाही. वरच्या पायऱ्यांवर मॉडर्न खेळणारे आणि जुन्या पद्धतीने खेळणारे दोघेही दिसतात याचं कारण हेच.

मन ओळखणं म्हणजे काय याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना २००४ सालच्या 'ईव्हो' या फायटिंग गेमच्या स्पर्धेतला आहे. 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'. जपानचा दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळतोय, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. दाइगोचं आयुष्य इतकं संपलेलं की वार अडवला तरी अडवण्याच्या किरकोळ नुकसानीतच तो मरणार. वाँगने चुन-लीचा सुपर, म्हणजे तिचा सगळ्यात मोठा वार, सोडला, पंधरा लाथांचा. या गेममध्ये 'पॅरी' आहे: वार लागण्याच्या ऐन क्षणी पुढे दाबलं तर नुकसान शून्य. वेळ चुकली की खेळ खलास. दाइगोने पंधराही लाथा पॅरी केल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि उलट कॉम्बो मारून फेरी जिंकली. लोक याला हातांचा चमत्कार म्हणतात. हात होतेच. पण पहिली लाथ बघून पॅरी करण्याइतका वेळच नव्हता. वाँगला अडवूनही मरणारा माणूस समोर दिसतोय, तो आता सुपर सोडणार, हे दाइगोने आधीच ताडलं होतं. तो त्या मोहाची वाट पाहत उभा होता.

मग रोल-प्लेइंग गेमच्या चाहत्यांचं काय? त्यांची तक्रार वेगळ्याच गावाची असते. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही शंभर तास घालता आणि तुमचं पात्र ताकदवान होतं. लेव्हल वाढते, तलवार बदलते. मेहनत पात्रात साठते. फायटिंग गेममध्ये पात्र पहिल्या दिवशी असतं तसंच हजाराव्या दिवशीही असतं, आणि मेहनत साठते ती माणसात. म्हणून एका दुनियेतली पात्रं दुसऱ्या दुनियेत नेली की गोंधळ उडतो. ज्याने कथेत देवाला हरवलं तो इथे एका साध्या जॅबने कसा पडतो, असा प्रश्न चाहता मनापासून विचारतो.

निर्मात्यांनी या पेचावर निरनिराळे उपाय काढले. २००८ साली पीएसपीवर आलेल्या 'डिसिडिया फायनल फँटसी'ने लेव्हल ठेवल्याच, थेट शंभरापर्यंत, वर शस्त्रं आणि दागिने. दोन मित्र पीएसपी जोडून खेळायला बसले की आधी कोणाची लेव्हल किती यावरच निम्मा निकाल लागायचा. गोष्ट म्हणून ते बरोबर होतं, सामना म्हणून लंगडं. 'पर्सोना ४ अरीना' (२०१२) लेव्हलला फाटा देऊन पुढे गेला, पण हलक्या वाराचं एकच बटण दाबत राहिलं की आपोआप कॉम्बो पडावा अशी सोय ठेवली. कथेच्या ओढीने आलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी निराश होऊ नये म्हणून. मला सगळ्यात आवडलेली तडजोड 'ग्रॅनब्लू फँटसी'ची आहे. मूळ गेम २०१४चा, मोबाइल आणि ब्राउझरवर पात्रं जमवण्याचा. २०२०मध्ये त्यावरून आर्क सिस्टिम वर्क्सने 'ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सस' काढला. त्यात तोच विशेष वार एका बटणानेही सुटायचा आणि स्टिक फिरवूनही. पण सोप्या वाटेने सोडला तर तो पुन्हा वापरायला जास्त वेळ थांबावं लागायचं. कोणाला दारातून परत पाठवलं नाही, आणि ज्याने हात बसवलाय त्याच्या कष्टाचं मोलही राखलं. टेक्केनने उलटा रस्ता धरला. 'फायनल फँटसी १५'चा नॉक्टिस २०१८मध्ये 'टेक्केन ७'त आला आणि 'फायनल फँटसी १६'चा क्लाइव्ह २०२४च्या शेवटी 'टेक्केन ८'त. दोघांनाही तिथल्या फ्रेमच्या कायद्याखाली यावं लागलं.

दरी मोजायची कशी, याचं उत्तर बुद्धिबळाने देऊन ठेवलंय. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६०मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७०मध्ये स्वीकारली. आजच्या ऑनलाइन गेममधल्या बहुतेक रेटिंगमागे तीच कल्पना आहे. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये मास्टर पदावर पोचलं की १५०० गुणांपासून सुरुवात होते ते त्याच वंशाचं. एलोच्या गणितात १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडू शंभरात ६४ वेळा जिंकेल अशी अपेक्षा, २०० असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९१. म्हणजे बऱ्यापैकी वरचढ माणूसही चारातला एक सामना हरतो, आणि त्यात काही आश्चर्य नाही.

वाद घालणारे नेमके त्या एका सामन्यावर बोट ठेवतात. समजा एक जण दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे, एकेका गेममध्ये त्याची शक्यता ६० टक्के. एकच गेम खेळला तर चाळीस टक्के वेळा उलटा निकाल लागेल. तीन जिंकेपर्यंत खेळवलं तर सरस खेळाडूची शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. दहा जिंकेपर्यंत खेळवलं तर ८१. जगभर या खेळातली खुन्नस मिटवायला दहा जिंकेपर्यंतची झुंज लावतात ती उगाच नाही. आपल्या पार्लरात मात्र 'हरला तो उठला' हा कायदा होता. त्याचे दोन परिणाम झाले. एक, नशिबाने जिंकलेला आणि कसबाने जिंकलेला यांच्यात फरक कळायची सोय राहिली नाही. दुसरा परिणाम जास्त खोल. जो आधीच सरस, तो खुर्चीत बसून राहिला, त्याच पैशात त्याला दहापट सराव मिळाला. जो कच्चा होता तो मागे उभा राहून बघत बसला. दरी अशीही वाढते.  

आता लाहोरकडे बघा. २०१९च्या फेब्रुवारीत जपानमधली ईव्हो स्पर्धा 'टेक्केन ७'मध्ये अर्सलान अ‍ॅश या लाहोरच्या पाकिस्तानी तरुणाने जिंकली, व्हिसा आणि विमानांच्या अडचणींतून कसाबसा तिथे पोचून. जपान आणि कोरियाच्या नामवंतांना तो कोण हेही माहीत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासची मुख्य ईव्होही त्याने घेतली. जिंकल्यावर तो म्हणाला की माझ्यासारखे तगडे खेळाडू आमच्याकडे आणखी आहेत. लोकांना ती बढाई वाटली असेल. पण २०२३च्या फेब्रुवारीत अ‍ॅम्स्टरडॅमला टेक्केन वर्ल्ड टूरची अंतिम फेरी पाकिस्तानच्याच आतिफ बट्टने जिंकली. दोघांनाही घडवलं ते पाकिस्तानातल्या पार्लरांतल्या गर्दीने. खर्चिक साधनं नव्हती, सरकारी पाठिंबा नव्हता. रोज तेच जण एकमेकांसमोर बसत. एकाने नवा डाव काढला की आठवड्यात सगळ्यांना तोड सापडे, आणि मग डाव काढणाऱ्याला पुढचा शोधावा लागे. त्या गर्दीत सगळ्यात कच्चा असलेला माणूसही बाहेरच्या जगाच्या मानाने पक्का होत गेला.

पार्लरं आपल्याकडेही होती. लाहोरसारखी हवा, तीच गर्दी, तीच खुन्नस. फरक इतकाच की ती गर्दी तुटली. पोरं घरी कन्सोल आणि कॉम्प्युटरवर गेली, नंतरची पिढी मोबाइलवर, आणि स्टेशनाजवळचे गाळे मोबाइल रिपेअरिंगवाल्यांनी घेतले. घरी बसून खेळणाऱ्याला आता ऑनलाइनचा आधार आहे, पण त्यालाही भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते टोकियो सरळ रेषेत सहा हजार सातशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन, अगदी आदर्श तार धरली तरी, ६७ मिलिसेकंद, म्हणजे चार फ्रेम गेल्याच. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते आणि हा आकडा आणखी वाढतो. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओपासून रूढ झालेलं 'रोलबॅक' तंत्र ही उणीव बरीच झाकतं. समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज धरून गेम पुढे चालू राहतो, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. तरी मायनस नाइन आणि मायनस टेन यांच्यातला एक फ्रेम जिथे निकाल ठरवतो, तिथे असे चार फ्रेम फार झाले.

ठाण्याहून कल्याण रेल्वेने वीसेक किलोमीटर. त्या अंतरात तारेचा उशीर एका फ्रेमच्याही आत राहतो, आणि फास्ट लोकलने एका घरात जमायचं म्हटलं तर अर्धा तासही लागत नाही. ज्याला खरोखर वर जायचंय त्याने घोडबंदर रोडवरच्या आपल्या खोलीत परदेशी अनोळखी लोकांशी हजार सामने खेळण्यापेक्षा, टिटवाळा-बदलापूरपासून मुलुंडपर्यंतचे दहा जण गाठावेत, दर रविवारी एकत्र बसावं, दहा जिंकेपर्यंत खेळावं, आणि हरलेल्याला उठवू नये. हरला तर त्यालाच पुन्हा बसवावं, आणि ज्या वाराने तो हरला तो वार थांबवून, फ्रेम मोजून, सगळ्यांसमोर उलगडावा. कोणी मॉडर्न खेळतो, कोणी क्लाइव्ह घेतो, कोणी एडी. सगळ्यांना बसू द्यावं, कारण तोड शिकायला तेच लागतात.

वयाचं कारणही कोणी पुढे करू नये. हांगझूच्या आशियाई स्पर्धांत २०२३ला 'स्ट्रीट फायटर ५'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. ते पदकापर्यंत पोचले नाहीत, पण तिथे उभे राहिले ही या खेळासाठी मोठी गोष्ट होती. त्याआधी २०२२च्या डिसेंबरमध्येच केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली होती. २०२६च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांच्या यादीत तर 'स्ट्रीट फायटर', 'टेक्केन' आणि 'किंग ऑफ फायटर्स' असे तिन्ही आहेत. तिसऱ्याची '९७ची आवृत्ती आपल्याकडच्या नाण्याच्या मशीनवर खेळलेली माणसं आज चाळिशीत आहेत, नोकरीला आहेत, आणि अनेकांच्या बोटांत त्यातले डाव अजून जसेच्या तसे आहेत.